सुटकेची कादंबरी आणि कैदेचे दिवस

‘दोज इन् पेरिल’ हें नांव इंग्रज खलाशांच्या एका प्रार्थनागीतावरून घेतलेलें आहे. विल्यम व्हायटिंग यानें १८६० मध्यें रचलेलें तें गीत दर्यावर संकटांत सांपडलेल्यांसाठीं परमेश्वराची करुणा भाकतें, आणि ब्रिटिश व अमेरिकन आरमारांत तें आजही गाइलें जातें. कै. विल्बर स्मिथ यांनीं आपल्या २०११ सालच्या कादंबरीस हें नांव दिलें. तेव्हां समुद्रावर पोट भरणाऱ्या माणसांची कथा आपणांस वाचावयास मिळणार, अशी अपेक्षा वाचकानें केली तर तो त्याचा दोष नव्हे. सोमालियाच्या किनाऱ्यालगत त्या वर्षीं अशीं माणसें शेंकड्यांनीं अडकून पडलीं होतीं. त्यांत फिलिपिनो होते, पाकिस्तानी होते, आणि भारतीयही होते. कादंबरींत मात्र संकटांत सांपडते ती एका तेलसम्राज्ञीची एकोणीस वर्षांची मुलगी. आणि तीही आईच्या खासगी विलासनौकेवर.

कथानक थोडक्यांत असें. हेझेल बॅनक ही बॅनक ऑइल या धनाढ्य कंपनीची विधवा मालकीण. तिची नौका हिंदी महासागरांतून जात असतां चांचे ती पकडतात. हेझेल त्या वेळीं नौकेवर नसते. असते ती तिची मुलगी केयला. चांच्यांस वाट आंतूनच मिळते, कारण मुलीचा प्रियकर म्हणून वावरणारा तरुण त्यांचाच माणूस असतो. ते वीस अब्ज डॉलर खंडणी मागतात. मोठीं राष्ट्रें राजनैतिक अडचणी पुढें करून अंग काढून घेतात. मुलीच्या छळाचीं चित्रें आईकडे धाडण्यांत येतात, आणि मग ती आपल्या कंपनीच्या संरक्षणाचा मक्ता घेतलेल्या हेक्टर क्रॉस या माजी सैनिकास हांक मारते. हेक्टर मुलीला सोडवून आणतो. पण गोष्ट येथें संपत नाहीं. शत्रूच्या सूडांत ती सोडविलेली मुलगी मारली जाते, आणि उरलेलें पुस्तक त्या सूडाच्या सूडाचें होतें. मध्यंतरीं हेझेल व हेक्टर यांचें प्रेम जुळतें, हें सांगावयास नकोच.

स्मिथ यांचा हात कसलेला होता. १९३३ मध्यें तेव्हांच्या उत्तर ऱ्होडेशियांत जन्मलेल्या या लेखकाची पहिली कादंबरी १९६४ मध्यें निघाली आणि २०२१ मध्यें केपटाउन येथें त्यांचें निधन होईपर्यंत त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या पन्नासाच्या घरांत गेली. पाठलाग कसा रंगवावा, तहानेनें व्याकूळ झालेल्या माणसास वाळवंटांतून कसें न्यावें, शिकाऱ्यानें माग कसा काढावा, हें त्यांना उपजतच ठाऊक असावें असें वाटतें. प्रस्तुत पुस्तकांतही जेथें जमीन, ऊन आणि पायांचे ठसे येतात तेथें त्यांची लेखणी सहज चालते. झुंजार आणि काळापहाड यांच्या सोबतीनें रात्री जागविलेल्या मराठी वाचकास हें पुस्तक हातांतून खालीं ठेवणें जड जाईल. अशा पुस्तकांकडे नाक मुरडून पाहण्याची आमची वृत्ति नाहीं. करमणूक करणें हें हलकें काम नव्हे, आणि तें करणाऱ्यास त्याच्याच कसोटीवर घासून पाहणें न्यायाचें होय.

तर ती कसोटी अशी. ना. सी. फडके यांनीं ‘प्रतिभासाधन’ लिहिल्यापासून, म्हणजे १९३१ पासून, तंत्राची चर्चा मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची आहे. आणि उत्कंठेचा प्राण अनिश्चिततेंत असतो, हें त्या चर्चेंतून शाळकरी मुलासही कळलें असेल. हेक्टर क्रॉसच्या बाबतींत अनिश्चितता अशी नाहींच. त्याचा नेम चुकत नाहीं, त्याचीं माणसें त्याला दगा देत नाहींत, आणि पैशाची वाण त्याला कधीं पडत नाहीं, कारण मालकिणीच्या तिजोरीस तळ नाहीं. शत्रु किती क्रूर आहे एवढाच प्रश्न उरतो. म्हणून लेखकास पानोपानीं क्रूरता वाढवावी लागते. मुलीच्या विटंबनेचे जे प्रसंग त्यांनीं रंगविले आहेत ते बीभत्स आहेत, एवढीच आमची तक्रार नाहीं. बीभत्स हाही एक रस आहे. तक्रार ही कीं, त्या प्रसंगांत मुलीचें मन कोठेंच दिसत नाहीं. तिचे हाल होतात ते वाचकाच्या रागास इंधन मिळावें म्हणून. तो राग पुरेसा पेटला कीं तिची सुटका होते, आणि तो विझूं लागला कीं तिचा प्राण घेतला जातो. २०१३ मध्यें या नायकाची पुढची कादंबरी ‘व्हिशस सर्कल’ निघाली. तिच्या आरंभींच हेझेलचीही हत्या होते, आणि हेक्टर पुनश्च मोहिमेस निघतो. ज्यांची सुटका करावयाची त्यांच्याविषयीं या कादंबऱ्यांना किती जिव्हाळा आहे तें यावरून समजावें.

आतां वीस अब्जांचें पाहूं. कादंबरींतील आंकडा वास्तवाशीं ताडून पाहणें हें कित्येकांस अरसिकपणाचें वाटेल. पण येथें आंकड्यांतच मर्म आहे. जागतिक बँकेनें इतर संस्थांच्या साह्यानें २०१३ मध्यें एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या अंदाजाप्रमाणें एप्रिल २००५ पासून डिसेंबर २०१२ पर्यंत सोमाली चांच्यांस मिळालेली एकूण खंडणी ३४ ते ४१ कोटी डॉलर इतकी होते. म्हणजे स्मिथ यांचे चांचे एका मुलीसाठीं जें मागतात तें खऱ्या चांच्यांच्या जवळजवळ आठ वर्षांच्या सगळ्या मिळकतीच्या सुमारें पन्नासपट आहे. ही केवळ अतिशयोक्ति असती तर ती आम्ही हंसून सोडून दिली असती. परंतु इतकी रक्कम मागितली कीं ती देण्याचा प्रश्नच उरत नाहीं, वाटाघाटीचें दार आपोआप बंद होतें, आणि तलवार उपसण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. लेखकास नेमकें हेंच हवें होतें. आंकडा फुगविला तो वाट अडविण्यासाठीं.

खरा धंदा अगदीं निराळा चाले. १९९१ मध्यें सोमालियाचें राज्ययंत्र कोसळलें. परक्या मासेमारी जहाजांनीं तेथील समुद्र लुटला, ही किनाऱ्यावरील लोकांची जुनी तक्रार. तींत तथ्य होतें, आणि पुढें ती ढालीसारखी वापरलीही गेली. चांचेगिरी वाढली ती मात्र व्यापारी हिशेबानें. वर सांगितलेल्या अहवालांतूनच असें दिसतें कीं, खंडणींतील तीस ते पन्नास टक्के भाग मोहिमेस भांडवल पुरविणाऱ्या सावकाराकडे जाई. जहाजावर पहारा करणाऱ्या पोरांस खात नांवाचा मादक पाला उधारीवर मिळे आणि त्याची किंमत, तीही चढ्या दरानें, त्यांच्या वांट्यांतून कापली जाई. मध्यस्थ दूरध्वनीवरून कंपनीशीं घासाघीस करी. कंपनीचा सल्लागार सांगे कीं घाई करूं नका, एकदम मोठी रक्कम बोलूं नका, नाहींतर मागणी वाढेल. आठवडे जात, महिने जात. शेवटीं विमानांतून पैशाची थैली समुद्रांत टाकली जाई, नोटा मोजल्या जात, आणि जहाज सुटे. बहुसंख्य ओलीस असेच सुटले. शस्त्रधारी वीर दोरावरून उतरून कोणास सोडवून नेत आहे, हें दृश्य क्वचित्‌च घडलें.

क्वचित्‌ घडलें, म्हणजे घडलेंच नाहीं असें नव्हे. मे २०१० मध्यें ‘मॉस्को युनिव्हर्सिटी’ या तेलवाहू जहाजावर चांचे चढले, तेव्हां तेवीस खलाशी इंजिनाच्या खोलींत शिरून दार लावून बसले. रशियन नौसैनिकांस चांच्यांवर हल्ला करतां आला, कारण चांच्यांच्या हातीं ओलीस असा कोणी नव्हताच. जानेवारी २०११ मध्यें दक्षिण कोरियाच्या कमांडोंनीं ‘साम्हो ज्युवेलरी’ जहाजावरील एकवीस जणांस सोडविलें. आठ चांचे ठार झाले, आणि कप्तानास गोळ्या लागल्या, तरी तो वांचला. पण एप्रिल २००९ मध्यें ‘तानित’ या शिडाच्या नौकेवर फ्रेंच कमांडोंनीं छापा घातला, तेव्हां नौकेचा मालक सोडवणाऱ्यांच्याच गोळीनें मेला. फेब्रुवारी २०११ मध्यें ‘क्वेस्ट’ नौकेवरचे चार अमेरिकन प्रवासी अमेरिकेचीं लढाऊ जहाजें शेजारीं उभीं असतां चांच्यांकडून मारले गेले. स्मिथ यांची कादंबरी याच वर्षीं बाजारांत आली. अशा अनिश्चिततेंतून किती थरारक कादंबरी निर्माण झाली असती! गोळी कोणास लागेल हें सोडवणाऱ्यास ठाऊक नाहीं, आणि तरी हुकूम द्यावयाचा आहे. हेक्टर क्रॉसला हा प्रश्न पडत नाहीं.

आम्हां भारतीय वाचकांस या विषयाची आणखी एक बाजू ठाऊक असावयास हवी, कारण तिचे धागे मुंबईपर्यंत पोचतात. सप्टेंबर २०१० मध्यें ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हें डांबर वाहणारें जहाज चांच्यांनीं पकडलें. त्यावरचे पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्यें खंडणी पोचली, जहाज सुटलें. पण माणसें मोजलीं तेव्हां सात कमी भरलीं. चांच्यांनीं त्यांना किनाऱ्यावर नेऊन ठेवलें होतें. कारण उघड होतें. त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत भारतीय नौदलानें चांच्यांनीं बळकावलेलीं मच्छिमार जहाजें अरबी समुद्रांत पकडून शंभराहून अधिक सोमाली इसम मुंबईच्या तुरुंगांत आणून ठेवले होते. ते सोडा, मग हे सोडतों, असें चांच्यांचें म्हणणें. सात माणसें ऑक्टोबर २०१४ पर्यंत परतलीं नाहींत. चार वर्षांहून अधिक काळ!

या घटनेकडे कादंबरीकाराच्या दृष्टीनें पाहावें. नौदलानें जें केलें तें त्याचें कर्तव्य होतें, आणि त्याबद्दल त्यास दूषण देणारा मूर्ख ठरेल. मच्छिमार जहाजांवरील कित्येक ओलीस त्याच कारवाईनें मोकळे झाले. परंतु त्या पराक्रमाची किंमत मोजली ती दुसऱ्याच जहाजावरच्या सात घरांनीं. आणि ती मोजतांना त्यांना कोणीं विचारलेंही नाहीं. एका ठिकाणीं उगारलेला हात दुसऱ्या ठिकाणच्या कैद्याच्या पाठीवर पडतो. सुटकेच्या कादंबरींत हें कधीं येत नाहीं. तींत एकच कैदी असतो, एकच वीर असतो, आणि समुद्रावर दुसरें कोणीच नसतें. अशीं शंभर पुस्तकें वाचलेला वाचक संकटाच्या वेळीं आपल्या सरकारास एकच प्रश्न विचारूं लागतो: छापा कां घालीत नाहीं? वाटाघाटी करणारा त्याला भेकड वाटतो, खंडणी भरणारा देशद्रोही वाटतो. करमणुकीचें पुस्तक निरुपद्रवी असतें असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

याच्या उलट मार्च २०२४ मधील ‘रुएन’ जहाजाची हकीकत घ्या. डिसेंबर २०२३ मध्यें पकडलेल्या या जहाजास भारतीय किनाऱ्यापासून सुमारें २६०० किलोमीटरांवर ‘कोलकाता’ या युद्धनौकेनें गांठलें. नौदलाचे मार्कोस कमांडो विमानांतून छत्रीनें समुद्रांत उतरले, हें दृश्य कोणत्याही थरारकथेस शोभेल. पण यश आलें तें चाळीस तास दम धरल्यामुळें. जहाजाचें सुकाणू निकामी केलें, चांच्यांवर सतत दडपण ठेवलें, त्यांच्याशीं बोलणें चालू ठेवलें. अखेर पस्तीस चांचे शरण आले, आणि सतरा खलाशी इजा न होतां सुटले. त्या चांच्यांस मुंबईस आणण्यांत आलें. ज्या लेखकास या चाळीस तासांतील प्रत्येक तासाचें वजन शब्दांत आणतां येईल त्याला खलनायकाच्या क्रूरतेची उसनवारी करावी लागणार नाहीं.

स्मिथ यांस एका गोष्टीचें श्रेय दिलें पाहिजे. राष्ट्रांचीं आरमारें थोडीं पडतात तेव्हां खासगी शस्त्रधारी पुढें येतील, हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें. २०११ नंतर झालेंही तसेंच. व्यापारी जहाजांवर भाडोत्री पहारेकरी चढले, आणि अशीं जहाजें सहसा चांच्यांच्या हातीं लागलीं नाहींत. फरक इतकाच कीं, हे पहारेकरी कोणाची सुटका करण्यास वाळवंटांत गेले नाहींत. कठड्याशीं बंदूक घेऊन ते नुसते उभे राहिले. नुसतें उभें राहण्याची कादंबरी होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

खलनायकांविषयीं थोडें लिहिणें भाग आहे. चांच्यांच्या म्होरक्यास लेखकानें हाजी शेख मोहमद खान टिप्पू टिप असें लांबलचक नांव दिलें आहे. टिप्पू टिप हा एकोणिसाव्या शतकांतील झांजीबारचा गुलामांचा व हस्तिदंताचा प्रसिद्ध व्यापारी. तो १९०५ मध्यें वारला. त्याचें नांव, वर खान, मागें हाजी आणि शेख! पूर्वेकडील जेवढीं भीतिदायक नांवें इंग्रजी वाचकाच्या कानीं आहेत तेवढीं एका माणसाच्या गळ्यांत अडकविलेलीं दिसतात. सोमाली माणूस कसा बोलतो, कसा भितो, कर्ज कसें फेडतो, याचा पत्ता त्यांत लागत नाहीं. लुटारू म्हणजे जन्मजात राक्षस, ही समजूत इंग्रजी दर्यासाहित्यांत फार जुनी आहे, आणि तिचा अनुभव आमच्या किनाऱ्यानेंही घेतलेला आहे. कान्होजी आंग्रे यांस इंग्रजांच्या कागदपत्रांत चांचा म्हटलेलें आहे. १७१२ मध्यें कारवारहून मुंबईकडे येणारें एक लहान गलबत आणि त्याच्या सोबतीची मुंबईच्या गव्हर्नराची नौका कान्होजींच्या आरमारानें पकडली. झटापटींत चाउन नांवाचा इंग्रज अधिकारी मेला, आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन ओलीस म्हणून कुलाब्यास आली. नौका आहे, संपन्न घरची स्त्री आहे, खंडणी आहे. स्मिथ यांच्या कादंबरीचा सगळा सरंजाम तीनशें वर्षांपूर्वींच जमलेला होता. पण कॅथरीनला कोणी हेक्टर सोडवावयास आला नाहीं. पुढच्या वर्षीं इंग्रजांनीं कान्होजींशीं तह केला, तीस हजार रुपये दिले, आणि ती मुंबईस परत गेली. राक्षसाशीं तह होत नसतो. ज्याच्याशीं तह होतो तो कोणी तरी निराळा असला पाहिजे, एवढें तरी मुंबईच्या तेव्हांच्या वखारवाल्यांस कळत होतें. आजचे सोमाली चांचे म्हणजे आंग्रे नव्हेत, हें उघड आहे. त्यांच्यामागें राज्य नव्हतें, सावकार होते. पण शत्रूस माणूस म्हणून पाहिल्याशिवाय त्याच्याशीं झुंज तरी कशी रंगणार?

कैदेवर थोर साहित्य होऊं शकतें याची साक्ष सर्वांतेस देतो. १५७५ मध्यें तो चांच्यांच्या हातीं सांपडला आणि पांच वर्षें अल्जीअर्स येथें गुलाम म्हणून राहिला. चार वेळां पळून जाण्याचा त्यानें प्रयत्न केला, चारही वेळां फसला, आणि शेवटीं ख्रिस्ती साधूंनीं खंडणी भरून त्यास सोडविलें. ‘डॉन किहोते’च्या १६०५ मध्यें निघालेल्या पहिल्या भागांत एका कैद्याची कथा येते तिच्यामागें हा अनुभव उभा आहे. फसलेल्या पलायनाची लाज, आपल्यावर लावलेल्या किंमतीची विचित्र जाणीव, धन्याशीं जडलेलें द्वेषाचें आणि परिचयाचें मिश्र नातें, हीं ज्यानें सोसलीं त्यानें सुटकेपेक्षां कैदेस अधिक जागा दिली तर नवल नाहीं.

आणि आजच्या चांच्यांविषयीं असें कांहीं होऊं शकेल काय, असें कोणी विचारील, तर तोबियास लिंडहोल्म या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘कापरिंगेन’ हा २०१२ चा चित्रपट आम्ही पुढें करूं. जहाज पकडलें जातें तो प्रसंगच त्यांत दाखविलेला नाहीं. थरारकथेचा लेखक जेथें पन्नास पानें खर्च करील तेथें या दिग्दर्शकानें एक कोरी जागा सोडली आहे. नायक म्हणावा तर जहाजावरचा आचारी. दुसऱ्या टोंकास कोपनहेगनमध्यें कंपनीचा प्रमुख एका खोलींत दूरध्वनीजवळ बसलेला. रक्कम थोडी थोडी सरकते, दिवस मोजले जातात, आचाऱ्याची दाढी वाढते, त्याची नजर मंद होत जाते. चित्रीकरण ज्या जहाजावर झालें तें स्वतः २००७ मध्यें सोमाली चांच्यांच्या हातीं पडलेलें होतें. आणि सल्लागाराची भूमिका अशा वाटाघाटींचा खरा अनुभव असलेल्या माणसानें केली आहे. सुटका होते, पैसे देऊनच होते. आणि सर्व आटोपलें असें वाटत असतां, चांचे उतरण्याच्या घटकेस, एका अंगठीवरून गोळी सुटते व कप्तान मरतो. त्या एका गोळीनें प्रेक्षकाच्या काळजाचा जो ठोका चुकतो तो स्मिथ यांच्या शेंकडों गोळ्यांनीं चुकत नाहीं.

मराठींतही या विषयास जागा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे तरुण परदेशी जहाजांवर नोकरी धरतात. मुंबईंतील कंपन्यांच्या कचेऱ्यांत त्यांचे करार होतात. पगार येण्याचें थांबलेलें, कचेरींतून रोज तेंच उत्तर, वर्तमानपत्रवाले दोन दिवस दारांत आणि मग कोणी नाहीं. अशा घरांतली एक आई किंवा पत्नी ही हेझेल बॅनकहून कितीतरी मोठी नायिका होईल. तिच्याजवळ तेलाच्या विहिरी नाहींत, म्हणून तिच्या बाबतींत पुढें काय होईल हें वाचकास खरोखरच ठाऊक नसेल.

‘दोज इन् पेरिल’ रेल्वेच्या लांबच्या प्रवासांत वाचावयास हरकत नाहीं. ‘कापरिंगेन’ मात्र ती वाचून झाल्यावर पाहावा; क्रम उलटा केला तर कादंबरी पुरी होणें कठीण आहे.